चढउतार, दोष आणि जबाबदारी : नियंत्रण आलेखाच्या इतिहासातून मिळणारे व्यवस्थापकीय निर्णयांचे धडे

सारांश

कंपनीचे उत्पादन, विक्री किंवा सदोष मालाचे प्रमाण यांत झालेला बदल अर्थपूर्ण आहे की केवळ नेहमीचा चढउतार आहे, हे ओळखणे हा व्यवस्थापकीय निर्णयाचा पाया होय. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी मांडलेल्या नियंत्रण आलेखाने हा प्रश्न प्रथमच शास्त्रीय पद्धतीने सोडविला. प्रस्तुत लेखात या आलेखाच्या अमेरिका, जपान व भारत या तीन देशांतील वाटचालीचा आढावा घेतला आहे. तंत्र एकच असूनही परिणाम भिन्न का झाले, याची कारणे तपासली आहेत. दोषाची जबाबदारी वरिष्ठ व्यवस्थापनाने स्वतःकडे घेतली तेथेच कंपनीची कामगिरी टिकाऊपणे सुधारली, असे या आढाव्यावरून दिसून येते.

बीजशब्द : नियंत्रण आलेख, गुणवत्ता, सामान्य कारण, विशेष कारण, व्यवस्था, मूल्यमापन

१. प्रस्तावना

कोणत्याही उद्योगात महिनाअखेर आकडे येतात. या महिन्यात सदोष माल वाढला, मागील महिन्यात तो कमी होता; एका विक्री प्रतिनिधीने उद्दिष्ट गाठले, दुसरा मागे राहिला. आकडा खाली आला की खुलासा मागितला जातो आणि वर गेला की शाबासकी दिली जाते. व्यवस्थापनाच्या दैनंदिन कामाचा फार मोठा भाग अशा रीतीने आकड्यांना प्रतिसाद देण्यात खर्च होतो. परंतु ज्या बदलाला प्रतिसाद दिला जात आहे तो खरोखर बदल आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. नेहमीच्या चढउताराला विशेष घटना मानले तर निरपराध कर्मचाऱ्यावर ठपका येतो, चालू असलेली प्रक्रिया विनाकारण बदलली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. उलटपक्षी, खरोखरीच्या बिघाडाला नेहमीचा चढउतार समजले तर नुकसान वाढत जाते. हे दोन्ही प्रकारचे प्रमाद कमीत कमी खर्चात कसे टाळावेत, या शोधाचा इतिहास म्हणजेच नियंत्रण आलेखाचा इतिहास होय. हा इतिहास वाणिज्य व व्यवस्थापन शाखेत बहुधा ‘गुणवत्ता नियंत्रण’ या प्रकरणातील एक तंत्र म्हणून शिकविला जातो. तो निर्णयप्रक्रियेचा आणि जबाबदारीच्या वाटपाचा इतिहास म्हणून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. हॉथॉर्न कारखाना आणि नियंत्रण आलेखाचा उगम

शिकागोजवळील सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. एल्टन मेयो यांच्या नावाशी जोडले गेलेले मानवी संबंधांविषयीचे प्रयोग येथेच झाले. त्या प्रयोगमालिकेचा आरंभ १९२४ मध्ये प्रकाशयोजनेच्या चाचण्यांनी झाला. नियंत्रण आलेखही त्याच वर्षीचा आणि त्याच कंपनीतील, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

हॉथॉर्न येथे दूरध्वनी यंत्रणेची उपकरणे मोठ्या प्रमाणावर तयार होत. ही उपकरणे एकदा बसविल्यानंतर वारंवार दुरुस्त करणे खर्चाचे होते. त्यामुळे मालाची तपासणी करणारा मोठा विभाग कारखान्यात होता. तयार माल तपासायचा, सदोष माल बाजूला काढायचा आणि दोष दिसला की यंत्राची मांडणी बदलायची, अशी प्रचलित पद्धत होती. विचित्र बाब अशी की, सतत फेरबदल करूनही मालातील विषमता कमी होत नसे. काही वेळा ती वाढतच असे.

तपासणी अभियांत्रिकी विभागातील वॉल्टर शूहार्ट हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक पानाचे टिपण सादर केले. त्यातील काही भाग एका साध्या आकृतीने व्यापला होता. आजच्या नियंत्रण आलेखाचे हे पहिले रूप होय. शूहार्ट यांचे प्रतिपादन असे होते : प्रत्येक प्रक्रियेत चढउतार असतोच. त्यातील काही चढउतार असंख्य लहान कारणांच्या एकत्रित परिणामाने होतो आणि तो प्रक्रियेच्या रचनेतच असतो. काही चढउतार मात्र शोधून काढता येईल अशा एखाद्या वेगळ्या कारणाने होतो. सरासरीच्या दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर मर्यादा आखल्यास या दोहोंमधील भेद व्यवहारात पुरेशा खात्रीने करता येतो. बिंदू मर्यादेबाहेर गेला अथवा बिंदूंची अस्वाभाविक रांग दिसली तर कारण शोधावे. बिंदू मर्यादेच्या आत विखुरलेले असतील तर एकेका बिंदूमागे धावू नये. सुधारणा हवी असल्यास प्रक्रियाच बदलावी.

१९३१ मध्ये शूहार्ट यांचा उत्पादित मालाच्या गुणवत्तेच्या आर्थिक नियंत्रणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातील ‘आर्थिक’ हे विशेषण लक्षणीय आहे. प्रत्येक दोषाचा पाठपुरावा करणे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही आणि एकाही दोषाचा पाठपुरावा न करणेही परवडत नाही. कारणाचा शोध केव्हा घ्यावा आणि केव्हा घेऊ नये, हा निर्णय त्यांनी व्यक्तीच्या मर्जीवरून काढून आकडेवारीच्या आधारावर उभा केला.

३. युद्धकाळातील प्रसार व त्यानंतरचा विसर

शूहार्ट यांच्या विचाराचा सर्वाधिक प्रसार ज्यांनी केला ते डॉ. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा जन्म १९०० मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. विद्यार्थिदशेत त्यांनी सुट्टीच्या काळात हॉथॉर्न कारखान्यात काम केले होते. येल विद्यापीठातून गणितीय भौतिकशास्त्रात पदवी घेतल्यानंतर ते अमेरिकेच्या कृषी खात्यात व पुढे जनगणना कार्यालयात संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत नमुना पाहणीचा जो वापर झाला त्यात त्यांचा वाटा होता. कारखान्यातील सुट्या भागांना लावलेली शूहार्ट यांची पद्धत कारकुनी कामालाही तितकीच लागू पडते, हे त्यांनी तेथे अनुभवले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शस्त्रास्त्रांचे उत्पादन झपाट्याने वाढवायचे होते. १९४२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने अभियंते व तपासनीस यांच्यासाठी संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू झाले. त्यांची कल्पना व आखणी यांत डेमिंग यांचा सहभाग होता. हजारो तंत्रज्ञ या वर्गांतून शिकून बाहेर पडले. १९४६ मध्ये गुणवत्ता नियंत्रणाची अमेरिकन संस्थाही स्थापन झाली.

असे असूनही युद्ध संपल्यानंतर थोड्याच वर्षांत अनेक अमेरिकन कारखान्यांतून नियंत्रण आलेख मागे पडले. याची दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण बाजारपेठेचे होते. युद्धोत्तर काळात मागणी इतकी प्रचंड होती आणि परदेशी स्पर्धा इतकी नगण्य होती की जे तयार होईल ते विकले जात होते. दुसरे कारण डेमिंग यांनी स्वतः पुढे वारंवार सांगितले आहे. हे शिक्षण अभियंत्यांना मिळाले. कंपनीच्या प्रमुखांना मिळाले नाही. आलेख काढणाऱ्या अभियंत्याला प्रक्रियेतील दोष दिसत होता. परंतु कच्चा माल कोणाकडून घ्यावा, यंत्र केव्हा बदलावे, कामगाराला किती प्रशिक्षण द्यावे हे निर्णय त्याच्या हाती नव्हते.

४. जपानमधील स्वीकार

युद्धानंतरच्या जपानची परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. कारखाने उद्ध्वस्त झाले होते, कच्चा माल व अन्नधान्य आयात करावे लागत होते आणि आयातीसाठी लागणारे परकीय चलन निर्यातीतूनच मिळणार होते. त्या काळी जपानी माल म्हणजे स्वस्त व तकलादू माल अशी जगभर समजूत होती. टोयोटा कंपनी १९५० मध्ये आर्थिक संकट व संपाच्या कचाट्यात सापडली आणि तिचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. जुन्या पद्धतीने चालणे शक्य नाही, याची जाणीव जपानी उद्योगपतींना कोणी करून देण्याची गरज उरली नव्हती.

जपानला एका अमेरिकन पाहुण्याने गुणवत्ता शिकविली, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा अपुरी आहे. जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांची संघटना १९४६ मध्येच स्थापन झाली होती आणि १९४९ मध्ये तिने गुणवत्ता नियंत्रणाचा स्वतःचा अभ्यासक्रम सुरू केला होता. अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या दळणवळण विभागातील अभियंत्यांनीही १९४९-५० मध्ये जपानी दूरसंचार उद्योगातील अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचे वर्ग घेतले होते. डेमिंग स्वतः १९४७ मध्ये जनगणनेच्या तयारीच्या कामासाठी जपानला जाऊन आले होते. या तयार भूमीवर १९५० च्या उन्हाळ्यात त्यांची व्याख्याने झाली.

टोकियो येथे जुलै १९५० मध्ये अभियंत्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग झाला. तथापि निर्णायक घटना वर्गाबाहेर घडली. अमेरिकेतील विसराचा अनुभव ताजा असल्यामुळे कंपन्यांच्या प्रमुखांशी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक आहे, असा डेमिंग यांचा आग्रह होता. जपानी शास्त्रज्ञ संघटनेचे अध्यक्ष इचिरो इशिकावा हे उद्योगपतींच्या राष्ट्रीय महासंघाचेही अध्यक्ष होते. त्यांच्या निमंत्रणावरून १३ जुलै १९५० रोजी आघाडीच्या कंपन्यांचे प्रमुख एकत्र आले. पुढे ऑगस्टमध्ये हाकोने येथेही उद्योगप्रमुखांसाठी व्याख्यान झाले. या बैठकांत डेमिंग यांनी आलेखापेक्षा अधिक भर उत्पादनाच्या संपूर्ण साखळीवर दिला. कच्च्या मालाचा पुरवठादार, कारखाना, वितरण आणि ग्राहक हे सर्व मिळून एकच व्यवस्था असते. ग्राहकाकडून मिळालेली माहिती पुन्हा रचनेत आली पाहिजे आणि या व्यवस्थेची जबाबदारी तिच्या प्रमुखांवर असते, असे त्यांनी प्रतिपादन केले.

डेमिंग यांनी आपल्या व्याख्यानांच्या पुस्तिकेचे मानधन संघटनेला दिले. त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झाले. १९५४ मध्ये जोसेफ जुरान यांनी जपानमध्ये मध्यम व वरिष्ठ व्यवस्थापकांसमोर गुणवत्तेच्या नियोजनावर व्याख्याने दिली. इचिरो यांचे पुत्र काओरु इशिकावा यांनी कामगारांच्या छोट्या गटांना साध्या संख्याशास्त्रीय साधनांची ओळख करून देण्याच्या चळवळीचे नेतृत्व केले; १९६२ पासून गुणवत्ता मंडळे अस्तित्वात आली. १९६० मध्ये जपान सरकारने डेमिंग यांना राजकीय सन्मान दिला आणि १९६५ मध्ये टोयोटा कंपनीने डेमिंग पारितोषिक मिळविले. पंधरा वर्षांपूर्वी संकटात असलेल्या या कंपनीचा हा प्रवास जपानी उद्योगाच्या एकंदर वाटचालीचा निदर्शक मानता येईल.

५. लाल मण्यांचा प्रयोग

डेमिंग आपल्या परिसंवादांत एक प्रयोग करून दाखवीत असत. व्यवस्थापकीय निर्णयांतील मूलभूत चूक तो प्रयोग इतक्या स्पष्टपणे दाखवितो की त्याचा तपशील येथे देणे उचित ठरेल.

एका पेटीत ३,२०० पांढरे व ८०० लाल असे ४,००० मणी असतात. श्रोत्यांपैकी सहा जण ‘कामगार’ होतात. पन्नास खळगे असलेली पळी पेटीत बुडवून पन्नास मणी काढणे हे प्रत्येकाचे दिवसाचे काम. पांढरा मणी म्हणजे चांगला माल आणि लाल मणी म्हणजे सदोष माल. पद्धत ठरलेली असते, तीत बदल करण्यास मनाई असते. मुकादमाच्या भूमिकेतील डेमिंग कमी लाल मणी काढणाऱ्याची प्रशंसा करीत, जास्त काढणाऱ्याला समज देत, घोषवाक्ये लावीत व उद्दिष्टे ठरवून देत. अखेरीस कारखाना वाचविण्यासाठी ‘उत्कृष्ट’ तिघांना कामावर ठेवून इतरांना काढून टाकले जाई. ठेवलेल्या तिघांचे काम पूर्वीपेक्षा चांगले होत नसे.

यातील गणित साधे आहे. पेटीत वीस टक्के लाल मणी असल्यामुळे पन्नासांत सरासरी दहा लाल मणी अपेक्षित असतात. प्रमाण विचलन सुमारे २.८ येते. त्याच्या तिप्पट अंतर घेतल्यास मर्यादा दीड ते साडेअठरा अशा येतात. म्हणजे एका कामगाराने चार आणि दुसऱ्याने सोळा लाल मणी काढले तरी दोघांच्या कामात फरक आहे असे म्हणण्यास आधार मिळत नाही. लाल मणी पेटीत आहेत आणि पेटी भरणारा कामगार नाही. तरीही पाहणाऱ्याच्या मनात ‘हुशार’ व ‘बेपर्वा’ अशी वर्गवारी तयार होतेच.

या वर्गवारीला अनुभवाचाही खोटा दुजोरा मिळतो. ज्या दिवशी एखाद्याने सोळा लाल मणी काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बहुधा कमी काढतो, कारण सरासरी दहाचीच आहे. मुकादमाला मात्र आपण दिलेली तंबी लागू पडली असे वाटते. चार काढणाऱ्याची प्रशंसा केल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचे लाल मणी वाढतात आणि कौतुकाने माणूस सैल पडतो, असा निष्कर्ष निघतो. इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांच्या बाबतीत डॅनियल काहनेमन यांनी हाच भ्रम नोंदविला होता. शिक्षा परिणामकारक असते, हा अनेक व्यवस्थापकांचा ‘अनुभवसिद्ध’ विश्वास अशा रीतीने निव्वळ चढउतारातून जन्माला येऊ शकतो.

६. अमेरिकेतील पुनर्शोध

१९७० च्या दशकात जपानी मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी अमेरिकन बाजारपेठेत मुसंडी मारली. २४ जून १९८० रोजी एनबीसी या दूरचित्रवाहिनीने जपानच्या यशाविषयी एक माहितीपट प्रसारित केला. तोपर्यंत स्वदेशी उद्योगजगतात फारसे परिचित नसलेले एकोणऐंशी वर्षांचे डेमिंग त्यामुळे प्रकाशात आले. १९८० ते १९८२ या काळात सुमारे तीन अब्ज डॉलरचा तोटा सोसणाऱ्या फोर्ड कंपनीने १९८१ मध्ये त्यांना पाचारण केले.

फोर्डमधील एक तुलना विशेष बोलकी आहे. कंपनीच्या काही मोटारींसाठी एकाच आराखड्याचे गिअरबॉक्स फोर्डच्या अमेरिकन कारखान्यात आणि जपानच्या माझदा कंपनीत तयार होत होते. अमेरिकेत तयार झालेल्या गिअरबॉक्सविषयी ग्राहकांच्या तक्रारी व वॉरंटीचा खर्च अधिक होता. दोन्ही ठिकाणचे गिअरबॉक्स सुटे करून मोजले तेव्हा फोर्डचे भाग आराखड्याने दिलेल्या मर्यादांत बसणारे निघाले. माझदाच्या भागांत मात्र परस्परांमधील फरक अत्यल्प होता. म्हणजेच ‘मर्यादेत बसले की काम झाले’ ही कसोटी पुरेशी नव्हती. मर्यादेच्या आतील चढउतारही कमी करीत राहणे आवश्यक होते. अध्यक्ष डोनाल्ड पीटरसन यांनी या विचाराला पाठबळ दिले. १९८६ मध्ये फोर्डचा नफा १९२४ नंतर प्रथमच जनरल मोटर्सपेक्षा अधिक झाला. या यशात नवीन मोटारींची रचना, खर्चकपात व बाजारातील तेजी यांचाही वाटा होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

व्यवस्था बदलल्यास तीच माणसे वेगळे काम करतात, याचा पुरावा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे मिळाला. जनरल मोटर्सने गैरहजेरी व निकृष्ट मालासाठी कुप्रसिद्ध झालेला तेथील कारखाना १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या संयुक्त कंपनीने तो पुन्हा सुरू केला. कामगारांपैकी बहुसंख्य जुनेच होते आणि कामगार संघटनाही तीच होती. परंतु दोष दिसताच काम थांबविण्याचा अधिकार कामगाराला मिळाला आणि अडचण आल्यास गटप्रमुख मदतीला येऊ लागला. थोड्याच काळात गैरहजेरी घटली व गुणवत्ता टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळपास पोहोचली. हा संयुक्त कारखाना २०१० मध्ये बंद झाला.

७. भारतीय अनुभव

या इतिहासात भारताचे स्थान विचार करावयास लावणारे आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकाता येथे भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. तिच्या निमंत्रणावरून खुद्द वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले व त्यांनी औद्योगिक केंद्रांना भेटी दिल्या. म्हणजे डेमिंग यांच्या जपानमधील व्याख्यानांच्या दोन वर्षे आधी या पद्धतीचा मूळ प्रवर्तकच भारतीय उद्योगांशी बोलून गेला होता. १९५३ पासून संस्थेने मुंबईसह प्रमुख औद्योगिक शहरांत गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग सुरू केले. ज्ञानाचा अभाव होता असे म्हणता येत नाही.

अभाव होता तो गरजेचा. परवाना पद्धती, आयातीवरील निर्बंध व मर्यादित उत्पादन यांमुळे अनेक क्षेत्रांत विक्रेत्यांची बाजारपेठ होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या ग्राहकाला गुणवत्तेविषयी तक्रार करण्याची सोय नव्हती. युद्धोत्तर अमेरिकेत जे मागणीमुळे घडले तेच येथे टंचाईमुळे घडले. १९८० च्या सुमारास सार्वजनिक क्षेत्रातील भारत हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीने गुणवत्ता मंडळांचा प्रयोग सुरू केला. परंतु व्यापक बदल १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतरच दिसू लागला. १९९८ मध्ये तमिळनाडूतील सुंदरम क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाने डेमिंग पारितोषिक मिळविले. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी होय. २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला हे पारितोषिक मिळाले. मुंबईतील कांदिवली व नागपूर येथे कारखाने असलेला हा विभाग हे पारितोषिक मिळविणारा जगातील पहिला ट्रॅक्टर उत्पादक ठरला. शूहार्ट यांच्या भेटीपासून या घटनांपर्यंत अर्धशतकाचे अंतर आहे.

८. व्यवस्थापकीय धडे

वरील इतिहासातून निर्णयप्रक्रियेसाठी पुढील धडे निघतात.

(अ) दोन आकड्यांची तुलना हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. ‘गेल्या महिन्यापेक्षा कमी’ किंवा ‘गतवर्षीपेक्षा जास्त’ या विधानांना संदर्भ नसतो. किमान वीस-पंचवीस निरीक्षणे क्रमाने मांडून त्यांच्या मर्यादा काढल्याशिवाय बदलाची भाषा करू नये.

(आ) कारवाईपूर्वी कारणाचा प्रकार ठरवावा. विशेष कारण असल्यास ते घटनास्थळी, तत्काळ व संबंधित व्यक्तींच्या मदतीने शोधावे. सामान्य कारण असल्यास यंत्र, कच्चा माल, प्रशिक्षण अथवा कार्यपद्धती बदलावी. हा बदल केवळ व्यवस्थापनच करू शकते. बहुतांश दोष व्यवस्थेतून उद्भवतात असा डेमिंग यांचा अंदाज होता व तो त्यांनी ९४ टक्के इतका सांगितला होता. हा आकडा मोजमापाचा नसून अनुभवाचा आहे. तथापि त्यातील दिशा वरील उदाहरणांशी जुळते.

(इ) अनावश्यक हस्तक्षेपाने नुकसान होते. डेमिंग यांच्या नरसाळ्याच्या प्रयोगात लक्ष्यावर गोटी टाकताना प्रत्येक चुकीनंतर नरसाळे त्या प्रमाणात सरकविले असता गोट्यांच्या विखुरण्याचे प्रमाण, विचरणाच्या परिमाणात, दुप्पट होते. प्रत्येक तक्रारीनंतर नियम बदलणाऱ्या कार्यालयाची अवस्था अशीच होते.

(ई) व्यक्तींची क्रमवारी लावण्यापूर्वी त्यांच्यातील फरक व्यवस्थेच्या मर्यादेपलीकडे आहे काय, हे पाहावे. वार्षिक गुणांकनाला डेमिंग यांचा तीव्र विरोध होता. अनेक अमेरिकन कंपन्यांनी त्यांच्या हयातीत व नंतरही कर्मचाऱ्यांची सक्तीची श्रेणीवारी चालू ठेवली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१३ मध्ये ती सोडून दिली.

हा धडा महाविद्यालयीन व्यवस्थेलाही लागू आहे. उदाहरणादाखल, एखाद्या विषयाला दरवर्षी साठ विद्यार्थी बसतात व दीर्घकालीन सरासरी निकाल ७५ टक्के आहे असे मानू. प्रत्येक विद्यार्थ्याचे यश स्वतंत्र आहे असे गृहीत धरल्यास प्रमाण विचलन सुमारे ५.६ टक्के व नियंत्रण मर्यादा सुमारे ५८ ते ९२ टक्के येतात. म्हणजे एका वर्षी ८१ टक्के व पुढील वर्षी ७० टक्के निकाल लागला तर त्यातून अध्यापकाच्या कामाविषयी काहीही सिद्ध होत नाही. तरीही पहिल्या वर्षी अभिनंदन व दुसऱ्या वर्षी खुलासा, हा क्रम अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये लागू केलेल्या शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचा अनुभवही या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. गुणांची बेरीज वाढली. परंतु ती वाढ अध्यापन व संशोधनाच्या गुणवत्तेची होती काय, यावर मोठा वाद झाला आणि २०१८ च्या नियमावलीत ही पद्धत बदलण्यात आली.

(उ) भीती असेल तेथे आकडे खरे राहत नाहीत. उद्दिष्ट न गाठल्यास शिक्षा होणार असेल तर कर्मचारी प्रक्रिया सुधारतो, किंवा आकडा वळवितो. प्रक्रिया बदलण्याचा अधिकार नसल्यास त्याच्यापुढे दुसराच मार्ग उरतो. २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टील कंपनीने मालाच्या गुणवत्तेविषयीची आकडेवारी खोटी दिल्याचे मान्य केले. गुणवत्तेची परंपरा असलेल्या देशातील ही घटना बोलकी आहे.

९. मर्यादा

नियंत्रण आलेख प्रक्रिया स्थिर आहे की नाही हे सांगतो. ग्राहकाला कोणती वस्तू हवी आहे हे सांगत नाही. चुकीची वस्तू उत्तम रीतीने तयार करणारी कंपनीही बुडू शकते. दुसरी मर्यादा अंमलबजावणीची आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीने १९८९ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळविले. जपानबाहेरील ती पहिली विजेती होती. परंतु पारितोषिकाच्या तयारीत कागदपत्रे व अहवाल यांचा इतका भार वाढला की पुढच्याच वर्षी नव्या अध्यक्षांनी गुणवत्तेची बरीचशी यंत्रणा आवरती घेतली. मानांकन हे साधन न राहता साध्य बनले की काय होते, याचे हे उदाहरण मूल्यांकनाच्या तयारीतून गेलेल्या कोणत्याही संस्थेला समजण्यास अवघड जाणार नाही.

१०. समारोप

नियंत्रण आलेख कागद व पेन्सिलने काढता येतो आणि त्याचे गणित पदवीपूर्व विद्यार्थ्यालाही समजते. तरीही अमेरिकेने तो युद्धानंतर बाजूला ठेवला, भारताने शूहार्ट यांना ऐकूनही पन्नास वर्षे वाट पाहिली आणि जपानने तो स्वीकारला. हा फरक बुद्धिमत्तेचा वा संस्कृतीचा मानण्याचे कारण नाही. फ्रीमाँटचे अमेरिकन कामगार व सुंदरम क्लेटनचे भारतीय कामगार यांनी ते सिद्ध केले आहे. संकटामुळे असो वा स्पर्धेमुळे, ज्या ठिकाणी वरिष्ठांनी दोषाचा आकडा पाहून ‘कोणामुळे झाले’ याऐवजी ‘आपल्या व्यवस्थेत कशामुळे झाले’ हा प्रश्न विचारला, तेथे हे तंत्र रुजले.

डेमिंग २० डिसेंबर १९९३ रोजी निवर्तले. त्यानंतरच्या काळात संगणकामुळे आकडेवारी क्षणात उपलब्ध होऊ लागली. पूर्वी महिन्यातून एकदा येणारा आकडा आता दर तासाला पडद्यावर दिसतो. चढउताराला बदल समजण्याची संधीही त्याच प्रमाणात वाढली आहे. व्यवस्थापन शिकविणाऱ्या व संस्था चालविणाऱ्या अशा दोन्ही वर्गांनी शूहार्ट यांचे एक पानाचे टिपण पुन्हा समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. पुढील खुलासापत्र काढण्यापूर्वी मागील पंचवीस आकडे क्रमाने मांडून पाहणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.